एचसी-०५ फोनला जोडला जातो, पण उनोशी बोलत नाही

गच्चीवाला

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या गच्चीवर टोमॅटो, मिरच्या आणि मेथीच्या कुंड्या आहेत. नळाला १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघड-बंद होणारी झडप) बसवलाय. तो खालच्या खोलीत बसून फोनवरून चालू-बंद करायचा आणि जमलं तर गच्चीवरचं तापमान फोनवर बघायचं, एवढाच बेत आहे.

सामान: आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड (क्लोन, सीएच३४० या यूएसबी चिपवाला), एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, एक रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) बोर्ड, तापमान-आर्द्रतेचा डीएचटी२२ सेन्सर. लांबलचक ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत वायरी खोचायच्या बोर्डावर) जोडणी केली आहे. १२ व्होल्ट १ अँपियरचा अडॅप्टर ब्रेडबोर्डला लागणाऱ्या छोट्या पॉवर सप्लाय बोर्डात जातो, त्यातून निघणारे ५ व्होल्ट एचसी-०५ ला आणि रिलेला. उनो सध्या लॅपटॉपच्या यूएसबीवर. उनोच्या १० आणि ११ नंबरच्या पिनवर सॉफ्टवेअर सिरीयल (कोडने चालवलेला सिरीयल पोर्ट), बॉड रेट (बोलण्याचा वेग) ९६००.

आता दुखणं. फोनवर एचसी-०५ दिसतो, १२३४ पिन घेतो, टर्मिनलच्या अ‍ॅपमध्ये 'कनेक्टेड' येतं. मॉड्यूलचा भराभर लुकलुकणारा लाईट शांत होऊन दोनदा लुकलुकतो, मग थांबतो, म्हणजे जोडणी झालेलीच आहे. पण उनोने दर सेकंदाला 'नमस्ते' पाठवायचं ठरवलंय, तिथे फोनवर उलटी प्रश्नचिन्हं आणि चौकोन येतात. कधी काहीच येत नाही. फोनवरून पाठवलेलं उनोला पोचत नाही. हाच कोड यूएसबीच्या सिरीयल मॉनिटरवर व्यवस्थित चालतो. वैताग आलाय राव. कोड टाकू का इथे?

तळ्यात_मळ्यात

बॉड रेट. डोळे झाकून सांगतो. काही एचसी-०५ ३८४०० वर येतात. बदलून बघा.

गच्चीवाला

३८४००, ५७६००, ११५२०० सगळं करून झालं. कचरा बदलतो, कचराच राहतो.

बंड्या_बंगळुरू

वायफाय गच्चीवर पोचत नाही म्हणून ब्लूटूथ घेतलंत का? :) एचसी-०५ क्लास २ मधला आहे, मोकळ्यात साधारण १० मीटर. मध्ये स्लॅब आला की आणखी कमी.

गच्चीवाला

राउटर पुढे दुकानात आहे, माझी खोली नळाच्या बरोबर खाली. सध्या तर फोन आणि मॉड्यूल एकाच टेबलावर आहेत हो.

ओहमशांती

कोड नका टाकू अजून. आधी फोन ते मॉड्यूल हा अर्धा रस्ता वेगळा करून तपासा.

एचसी-०५ ला उनोकडे जाणाऱ्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्सच्या (ऐकणारी) दोन्ही वायरी काढा, वीज तेवढी राहू द्या. मग मॉड्यूलचीच टीएक्स आणि आरएक्स एका जंपरने एकमेकींना जोडा. फोनवरून काहीही टाइप करून पाठवा. जे पाठवलं तेच जसंच्या तसं परत आलं, तर फोन, अ‍ॅप, पेअरिंग, मॉड्यूल सगळं ठणठणीत. या चाचणीत बॉड रेटचा प्रश्नच येत नाही, कारण मॉड्यूल ज्या वेगाने बोलतं त्याच वेगाने ऐकतं. अ‍ॅपमधला 'लोकल इको' मात्र बंद करा. तो चालू असला की आपण टाइप केलेलंच पडद्यावर दिसतं आणि चाचणी पास झाली असं वाटतं.

वायरमन_काका

ओहमशांतींशी सहमत. शिवाय ब्रेडबोर्डाचा वरून काढलेला फोटो टाका. सगळ्या वायरी दिसतील असा.

अर्धा_कप

माझंही अगदी असंच होतंय! फक्त माझ्याकडे एचसी-०६ आहे आणि तो एटी कमांडला (मॉड्यूलची सेटिंग विचारायच्या-बदलायच्या आदेशांना) उत्तरच देत नाही. दुकानदार म्हणतो दोन्ही एकच.

ओहमशांती

अर्धा_कप, वेगळा धागा काढला असतात तर बरं झालं असतं, पण आलाच आहात तर.

दोन्ही एकच नाहीत. एचसी-०६ फक्त स्लेव्ह, त्याला दुसऱ्या मॉड्यूलला हाक मारता येत नाही. एचसी-०५ दोन्ही होऊ शकतो. एटी कमांडचा प्रकारही निराळा. एचसी-०६ जोपर्यंत कोणाशी जोडलेला नाही तोपर्यंत एटी मोडमध्येच असतो, ९६०० वर ऐकतो, आणि कमांडच्या शेवटी एंटरचं कोणतंही चिन्ह त्याला चालत नाही. सिरीयल मॉनिटरच्या खाली 'नो लाईन एंडिंग' निवडा. शिवाय पूर्ण कमांड एका दमात जायला हवी, अक्षर-अक्षर टाइप करून पाठवणारं टर्मिनल असेल तर तो उत्तर देणार नाही.

एचसी-०५ चं नेमकं उलट: एटी मोडसाठी मॉड्यूलवरचं बारकं बटण दाबून धरायचं आणि मग वीज द्यायची. लाईट दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकायला लागला की आत शिरलात. तिथे वेग ३८४०० आणि शेवटी 'बोथ एनएल अँड सीआर'. एटी ला ओके आलं की 'एटी+यूएआरटी?' विचारा, सध्याचा वेग कळतो. (इथला कळफलक देवनागरीच उमटवतो. कमांड रोमन मोठ्या अक्षरांत समजून घ्या.)

अर्धा_कप

नो लाईन एंडिंग केलं आणि ओके आलं!!! धन्स. इथेच थांबतो.

गच्चीवाला

ओहमशांती, केलं. टीएक्स-आरएक्स जोडून फोनवरून 'सांगली' पाठवलं, 'सांगली' परत आलं. जंपर काढला की येणं बंद. म्हणजे मॉड्यूल चांगलं आहे. नवीन मागवणार होतो, ते वाचलं.

एटी मोडमध्ये जाऊन वेगही विचारला. ९६००,०,० असं उत्तर आलं. मग कोडमध्ये परत ९६०० केलं. कचरा कायम. एक गंमत: लॅपटॉपच्या कडेला हात लावला की कचऱ्याची अक्षरं बदलतात. हे काय भानगड आहे?

फोटो चढवतोय, चढत नाहीये.

वायरमन_काका

हात लावल्यावर बदलतो? मग फोटो राहू दे. तुमचं ग्राउंड (जीएनडी, शून्य व्होल्टची बाजू) एक नाहीये.

बंड्या_बंगळुरू

+१. बॉड रेट चुकला की कचरा ठरलेला असतो. एकच अक्षर परत परत पाठवलं तर दर वेळी तोच विचित्र आकार दिसतो. कचरा आपोआप बदलत असेल, हात लावल्याने बदलत असेल, तर ग्राउंड तरंगतंय असं समजा.

उनो ज्याला ५ व्होल्ट म्हणतो ते त्याच्या स्वतःच्या ग्राउंडपासून मोजलेले ५ व्होल्ट. एचसी-०५ चं ग्राउंड अडॅप्टरचं आणि उनोचं लॅपटॉपचं. दोघांत तार नसेल तर एकाचा १ दुसऱ्याला १ दिसेलच याची काही खात्री नाही.

गच्चीवाला

पण ग्राउंड जोडलंय हो! उनोच्या जीएनडीमधून काळी वायर ब्रेडबोर्डाच्या निळ्या पट्टीला गेली आहे. एचसी-०५ चं जीएनडी पण त्याच निळ्या पट्टीला. एकच पट्टी आहे.

वायरमन_काका

बोर्ड लांब आहे म्हणालात. मल्टीमीटर बीपवर ठेवा. एक टोक निळ्या पट्टीच्या डाव्या टोकाला, दुसरं उजव्या टोकाला. वाजतो का सांगा.

गच्चीवाला

नाही वाजत!! डावीकडे डावीकडे वाजतो, उजवीकडे उजवीकडे वाजतो, मध्ये तुटतो.

काका, पट्टी मध्येच तुटलेली असते?

वायरमन_काका

८३० भोकांच्या बऱ्याच ब्रेडबोर्डांत असते. नीट बघा, निळी आणि लाल रेघ मधोमध जिथे खंडित छापली आहे तिथे आतली पत्र्याची पट्टीही खंडित असते. एका बोर्डावर दोन वेगळे सप्लाय घेता यावेत म्हणून तशी सोय आहे. काही बोर्डांवर रेघ अखंड छापतात आणि आत मात्र तुटलेली. म्हणून नवा बोर्ड आणला की आधी बीप.

मधल्या फटीवर एक छोटा जंपर निळ्याला निळा मारा. लाल पट्ट्या जोडू नका, उनोचे ५ व्होल्ट आणि सप्लाय बोर्डाचे ५ व्होल्ट एकमेकांत नकोत.

तळ्यात_मळ्यात

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्याकडच्या बोर्डाची पण हीच कथा निघाली आत्ता. यावरून मी एका मित्राला त्याचा सेन्सर बदलायला लावला होता. त्याला हा धागा दाखवत नाही.

गच्चीवाला

जंपर मारला. 'नमस्ते' 'नमस्ते' 'नमस्ते' अशी रांग लागली फोनवर. काका, तुम्हाला साष्टांग. मुलीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "एवढंच?"

आता पुढचं. तापमान फोनवर नीट येतंय. पण फोनवरून 'ऑन' पाठवलं (रोमन दोन अक्षरं, ओ आणि एन) तर रिले ढिम्म. उनोला काहीतरी पोचतंय, कारण सिरीयल मॉनिटरवर मी आलेला शब्द छापतोय आणि तिथे ऑन दिसतो. तरी 'आलेला शब्द ऑन असेल तर रिले लाव' ही अट लागू होत नाही.

मिरजेची_तार

शब्द छापू नका, त्यातला एकेक बाइट आकड्यात छापा.

गच्चीवाला

७९ ७८ १३ १०

मिरजेची_तार

झालं तर मग. ७९ म्हणजे ओ, ७८ म्हणजे एन. पुढचे १३ आणि १० म्हणजे एंटरची जोडी, सीआर आणि एलएफ. टर्मिनलचं अ‍ॅप प्रत्येक ओळीच्या शेवटी ती चिकटवतं, पडद्यावर ती दिसत नाही. तुम्ही तुलना दोन अक्षरांशी करताय आणि हातात चार आहेत, मग अट कशी लागू होईल?

दोन उपाय. एक, अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पाठवण्याच्या ओळीचा शेवट 'नन' करा. हे करू नका. उद्या फोन बदलला, दुसरं अ‍ॅप टाकलं की परत तेच. दुसरा: उनोमध्ये एलएफ येईपर्यंत वाचा आणि मिळालेल्या स्ट्रिंगवर ट्रिम चालवा. पुढेमागे चिकटलेलं सगळं गळून पडतं.

'रीडस्ट्रिंग' वापरत असाल तर तेही बदला. ते ओळ संपली का हे बघत नाही, पुढचं काही येतंय का म्हणून एक सेकंद वाट बघत बसतं. बटण दाबल्यावर रिले सेकंदभर उशिरा लागला की लोक ब्लूटूथला शिव्या घालतात, आणि उशीर असतो तो या टाइमआउटचा.

गच्चीवाला

ताई, ट्रिम टाकलं, रिले टक् करून वाजला. ऑन, ऑफ दोन्ही चालतं. बायको म्हणाली, "अखेर!"

उद्या व्हॉल्व्ह जोडतो.

बंड्या_बंगळुरू

अभिनंदन. एक राहिलं. उनोची ११ थेट एचसी-०५ च्या आरएक्सला जोडली आहे का?

गच्चीवाला

हो, थेट. मॉड्यूलवर ३.६ ते ६ व्होल्ट असं लिहिलंय ना?

बंड्या_बंगळुरू

ते वीज देण्याच्या पिनबद्दल. बोर्डावर रेग्युलेटर आहे, तो त्याचे ३.३ करतो. पण आरएक्स पिन थेट ३.३ व्होल्टच्या चिपला जाते, आणि त्याच बोर्डाच्या मागे 'लेव्हल ३.३ व्ही' असंही छापलेलं असतं. उनो तिथे ५ ढकलतोय. चालतं, महिनोन्‌महिने चालतं, मग एक दिवस मॉड्यूल पाठवतं पण ऐकत नाही.

दोन रेझिस्टर घाला. उनोच्या ११ पासून १ किलोओहम, मग मॉड्यूलची आरएक्स, त्याच बिंदूपासून २ किलोओहम ग्राउंडला. ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. दुकानात २ के मागितला की हमखास २.२ के हातात पडतो, तोही चालतो, ३.४४ होतात.

उलट दिशेला काही नको. मॉड्यूलची टीएक्स ३.३ देते आणि ५ व्होल्टवर चालणारा उनो ३ व्होल्टच्या वर असलेलं सगळं १ मानतो. फट फक्त ०.३ ची आहे, म्हणून त्या वायरीवर रेझिस्टर वगैरे लावून ते ३.३ आणखी खाली आणू नका. मी इंटरनेटवर दोन्ही वायरींवर डिव्हायडर काढलेली चित्रं पाहिली आहेत.

झिरोवॅट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गच्चीवाला

रेझिस्टर लावले. व्हॉल्व्हही जोडला. आणि नवीन रडगाणं सुरू.

ऑन केलं, पाणी सुरू. ऑफ केलं, पाणी बंद, आणि त्याच क्षणी ब्लूटूथ तुटतं. एचसी-०५ चा लाईट परत भराभर. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. ऑन करताना कधीच तुटत नाही. व्हॉल्व्हची वायर काढून नुसता रिले वाजवला तर कितीही वेळा वाजवा, तुटत नाही.

तळ्यात_मळ्यात

अडॅप्टर कमी पडतोय. २ अँपियरचा घ्या.

वायरमन_काका

अडॅप्टर कमी पडला असता तर ऑन करताना तुटलं असतं, ओढ तेव्हा असते. ऑफला तुटतंय म्हणजे कॉइलची उसळी आहे. व्हॉल्व्हला डायोड लावलाय का?

गच्चीवाला

रिलेच्या बोर्डावर डायोड आहे काका, दिसतोय.

वायरमन_काका

तो रिलेच्या कॉइलचा. व्हॉल्व्हच्या आत दुसरी, त्याहून मोठी कॉइल आहे, तिला कोणी वाली नाही. रिलेचा संपर्क सुटला की त्या कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो, तो व्होल्टेज चढवून संपर्काच्या फटीत ठिणगी पाडतो. अंधारात रिलेचं झाकण काढून बघितलंत तर निळी ठिणगी दिसेल. तीच ठिणगी शेजारच्या वायरींमध्ये घुसते.

१एन४००७. रुपया-दोन रुपयांचा. व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर आडवा लावा, पांढरी पट्टी असलेलं टोक प्लसला. उलटा लावलात तर अडॅप्टर शॉर्ट होईल, तेव्हा दोनदा बघा. आणि तो व्हॉल्व्हपाशीच लावा, दीड मीटर वायरीनंतर ब्रेडबोर्डावर नको. हे फक्त डीसी व्हॉल्व्हसाठी. एसी व्हॉल्व्ह असता तर डायोड चालला नसता.

ओहमशांती

यात एक तपास करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तुटतं तेव्हा फक्त एचसी-०५ रीस्टार्ट होतोय की उनोसुद्धा? सेटअपमध्ये पहिल्याच ओळीला 'सुरू झालो' असं यूएसबीवर छापा. ऑफ केल्यावर ती ओळ परत दिसली तर उनो पडतोय. दिसली नाही आणि मॉड्यूलचा लाईट मात्र भराभर झाला, तर झटका मॉड्यूलच्या विजेत शिरतोय. मग मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि जीएनडीवर, अगदी पायांजवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याशेजारी ०.१ चा सिरॅमिक.

गच्चीवाला

'सुरू झालो' परत दिसत नाही. म्हणजे उनो जागा राहतो, मॉड्यूल तेवढं पडतं. डायोड आणून लावला आणि कपॅसिटरही लावला. दोन्ही एकदम लावले, त्यामुळे कोणामुळे बरं झालं ते सांगता येणार नाही. पण संध्याकाळपासून उघड-बंद करतोय, एकदाही तुटलं नाही. कुंड्यांना आज जरा जास्तच पाणी झालं.

मिरजेची_तार

कुंड्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते. ऑन करून तुम्ही फोन घेऊन भाजीला गेलात, तर पाणी बंद कोण करणार?

गच्चीवाला

अं. परत येऊन मी.

मिरजेची_तार

टाकी तोवर रिकामी. कोडमध्ये हे आजच घाला: ऑन झाल्याची वेळ मिलिसने (उनोच्या मिलिसेकंदांच्या घड्याळाने) नोंदवायची, आणि दहा मिनिटं झाली की आदेश येवो न येवो, रिले बंद. फोनवाल्याला जास्त वेळ हवा असेल तर त्याने परत ऑन पाठवावं. दुसरं, मॉड्यूलवर 'स्टेट' नावाची पिन असते. जोडणी असताना ती वर, तुटली की खाली. ती उनोच्या एका पिनला जोडा. खाली गेल्यावर अर्ध्या मिनिटात परत वर आली नाही तर पाणी बंद. बिनतारी गोष्टीने पाणी, गॅस किंवा मोटर चालवायची असेल तर तार तुटल्यावर काय होणार हे आधी लिहायचं, सुरू कसं होणार ते मग.

अन् डिले काढून टाका. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी 'डिले २०००' नक्की असणार.

गच्चीवाला

आहे. डीएचटी२२ साठी. तो दोन सेकंदांत एकदाच वाचायचा असतो असं वाचलं होतं.

मिरजेची_तार

बरोबर वाचलंत, पण त्यासाठी अख्ख्या उनोला झोपवायची गरज नाही. मागच्या वाचनाला दोन सेकंद झाली का हे मिलिसने बघा, झाली असतील तर वाचा, नाहीतर पुढे चला. डिलेमध्ये असताना फोनवरून येणारं ६४ बाइटांच्या बफरमध्ये साठतं. ९६०० वर एका बाइटला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे सतत माहिती येत असेल तर सत्तर मिलिसेकंदांच्या आत बफर भरतो आणि पुढचं सांडतं. तुमचा 'ऑन' चार बाइटांचा, तो सांडणार नाही. पण उद्या वेळापत्रक पाठवायला लागलात की सांडेल.

गच्चीवाला

डिले काढला, दहा मिनिटांची अट घातली, स्टेट पिनही जोडली. सगळं छान. फक्त अधूनमधून एखादी कमांड हुकते. परत पाठवली की लागते. सवय करून घेऊ का?

बंड्या_बंगळुरू

सवय नको. हे सॉफ्टवेअर सिरीयलचं दुखणं आहे आणि त्यातून पूर्ण सुटका नाही.

उनोकडे खरा सिरीयल पोर्ट एकच, पिन ० आणि १ वर, तो यूएसबीने अडवलेला. १० आणि ११ वर जे चालतं ते नुसतं सोंग: प्रोसेसर स्वतः १०४ मायक्रोसेकंद मोजत एकेक बिट टाकतो आणि उचलतो. ते करताना तो इंटरप्ट (मध्येच येणाऱ्या इशाऱ्यांची दखल) बंद ठेवतो. म्हणजे तो बोलत असताना ऐकू शकत नाही. तुम्ही 'तापमान ३१.४ आर्द्रता ५२' अशी तीस अक्षरांची ओळ पाठवताय, त्या तीस मिलिसेकंदांत फोनचा 'ऑन' आला तर त्यातलं अक्षर मोडतं. डीएचटीची लायब्ररीही सेन्सरचे ४० बिट मोजताना चार-पाच मिलिसेकंद इंटरप्ट बंद करते, तिथेही तेच.

म्हणून तापमान दर दोन सेकंदांनी ओकत बसू नका, फोनने विचारलं तरच सांगा. आणि प्रत्येक कमांडला उत्तर द्या: ऑन आला की 'ओके ऑन'. उत्तर आलं नाही तर परत पाठवायचं, एवढा नियम पुरतो.

नाहीतर सगळं पक्कं झाल्यावर मॉड्यूल थेट ० आणि १ वर न्या. मग अपलोड करताना पिन ० ची वायर काढावी लागते, नाहीतर 'नॉट इन सिंक' म्हणून अपलोड आपटतं. त्या पिनवर यूएसबीची चिप एक किलोओहममधून बोलते आणि एचसी-०५ थेट बोलतो, त्यामुळे दोघांच्या भांडणात एचसी-०५ जिंकतो. याच एका वायरीमुळे लोकांनी चांगले उनो 'मेला' म्हणून अडगळीत टाकले आहेत.

झिरोवॅट

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ईएसपी३२ घ्या. उनो आणि एचसी-०५ दोन्हींच्या किमतीत येतो, ब्लूटूथ आत, खरे सिरीयल पोर्ट तीन, वायरी शून्य. २०२० नंतर उनोवर नवीन काही सुरू करण्यात अर्थ नाही.

वायरमन_काका

वायरी शून्य म्हणे. रिले, सेन्सर आणि व्हॉल्व्ह हवेतून जोडणार काय? तुटलेली निळी पट्टी तिथेही तुटलेलीच, डायोड तिथेही लागणारच. त्यात ईएसपीच्या पिना ३.३ च्या, ५ व्होल्टचं रिलेचं स्वस्त बोर्ड कधी लागतं, कधी सुटत नाही.

झिरोवॅट

काका, मुद्दा मान्य, पण सॉफ्टवेअर सिरीयलचा प्रश्न तर कायमचा सुटतो.

ओहमशांती

सुटतो, पण ईएसपी३२ म्हणून दुकानदार काय देतो ते बघा. मूळ ईएसपी३२ मध्ये जुनं क्लासिक ब्लूटूथ आणि बीएलई (कमी विजेवर चालणारा ब्लूटूथचा नवा प्रकार) दोन्ही आहेत, त्यावर ब्लूटूथसिरीयल लायब्ररी चालते आणि फोनला तो एचसी-०५ सारखाच दिसतो. सी३ आणि एस३ मध्ये फक्त बीएलई. एस२ मध्ये ब्लूटूथच नाही, नुसतं वायफाय. सी३ वर ब्लूटूथसिरीयलचं उदाहरण कंपाईलच होत नाही आणि माणूस आर्डुइनो आयडीई परत परत टाकत बसतो.

गच्चीवाल्यांचं चाललेलं आहे ते चालू द्या. नवीन करणाऱ्याने मूळ ईएसपी३२ घ्यावा, असं माझं मत.

गच्चीवाला

उनोच ठेवतो. विचारलं तरच तापमान, आणि 'ओके'चं उत्तर, दोन्ही केलं. आता हुकत नाही. ब्रेडबोर्डावरून काढून भोकांच्या पीसीबीवर सोल्डर करायला घेतलंय. डबा कोणता वापरू? घरात स्टीलचा एक मस्त घट्ट झाकणाचा आहे.

मिरजेची_तार

स्टीलचा नको!! ब्लूटूथ आत कोंडून राहील. प्लास्टिकचा घ्या. मॉड्यूलच्या एका टोकाला नागमोडी तांब्याची रेघ दिसते तो अँटेना. ते टोक पीसीबीच्या कडेबाहेर येऊ द्या, त्याच्याखाली तांबं किंवा बॅटरी नको. आणि वायरी खालच्या बाजूने आत घ्या, वरून घेतल्या तर पावसात पाणी वायरीवरून ओघळत आत येतं.

उनोला शेवटी १२ व्होल्ट थेट देणार असाल तर त्याच्यावरचा रेग्युलेटर फार तापतो. वरचे ७ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. ०.२ अँपियर ओढलेत तरी १.४ वॅट, आणि सांगलीचं ऊन वर. ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर लावा आणि उनोच्या ५ व्ही पिनला द्या. तेव्हा यूएसबी जोडू नका.

गच्चीवाला

पोळीचा प्लास्टिकचा डबा मिळाला. खालच्या खोलीत जोडणी टिकते, जिन्यात गेलं की तुटते. तुटल्यावर अर्ध्या मिनिटात पाणी बंद होतं, हे जिन्यात उभं राहून पाहिलं.

शेवटचा प्रश्न, नक्की. बायकोच्या आयफोनवर एचसी-०५ दिसतच नाही. माझ्या अँड्रॉइडवर दिसतो. सेटिंग कुठलं?

बंड्या_बंगळुरू

सेटिंग नाही. एचसी-०५ जुन्या ब्लूटूथवर सिरीयल पोर्ट प्रोफाइल चालवतो, आयफोन ते सर्वसाधारण अ‍ॅपना उघडंच करत नाही. त्यांना बीएलई लागतं. एचएम-१० मॉड्यूल घ्या, एचसी-०५ च्या जागी त्याच चार वायरींवर बसतं, ९६०० वर. आयफोनवर बीएलईचं टर्मिनल टाकून एफएफई० सर्व्हिस आणि त्यातली एफएफई१ निवडायची, नोटिफाय चालू करायचं. तुमचा अँड्रॉइडही त्याला चालतो, पण सेटिंगमधून पेअर करू नका, अ‍ॅपमधूनच जोडा. एका पॅकेटमध्ये साधारण २० बाइट जातात, तेव्हा उत्तरं छोटी ठेवा.

अर्धा_कप

मी परत आलो. अँड्रॉइड नवीन घेतला, जुन्या अ‍ॅपमध्ये मॉड्यूलची यादीच रिकामी येते?

मिरजेची_तार

अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथला वेगळी परवानगी लागते. अ‍ॅपच्या परवानग्यांमध्ये 'जवळची डिव्हाइस' चालू करा. तो पर्यायच दिसत नसेल तर अ‍ॅप जुनं आहे, दुसरं टाका. आणि या वेळी खरंच वेगळा धागा काढा.